एका उड्डाणापुरती दुरुस्ती : रणक्षेत्रातील हेलिकॉप्टरांविषयी प्रस्तावना

लढाईत इजा झालेले हेलिकॉप्टर जिथे उतरले तिथेच, उघड्यावर, हाताशी असलेल्या साधनांनी आणि कित्येकदा शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात उडण्याजोगे करणे हा विमानविद्येतला स्वतंत्र विषय आहे, आणि कारखान्यातल्या दुरुस्तीची घाईत उरकलेली आवृत्ती म्हणून त्याकडे पाहिल्यास त्याचे मर्म हाती लागत नाही. कारखान्यात विचारायचे ते एवढेच की यंत्र पूर्ववत कसे करावे. रणक्षेत्रात विचारावे लागते ते असे की कोणता बिघाड तसाच राहू देऊन हे यंत्र किती अंतर, किती वजन घेऊन, किती वेगाने आणि किती वेळा उडवता येईल. पहिल्याचे उत्तर निर्मात्याच्या पुस्तिकेत छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर देणाऱ्याला धातूचे बल, हाताशी असलेले सुटे भाग, उजेडाचे उरलेले तास आणि पलीकडच्या टेकडीवर अडकलेल्या तुकडीची निकड यांचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो. लष्करी परिभाषेत या विद्येला ‘बॅटल डॅमेज रिपेअर’ म्हणतात, आणि तिच्यात हातोडी-रिव्हेटच्या कसबाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, निर्णयाचा वाटा असतो.

मराठीत युद्धविषयक लेखन विपुल आहे, परंतु त्यातले हेलिकॉप्टर बहुधा वैमानिकाच्या शौर्याचे वाहन म्हणून येते आणि पुढच्या प्रकरणात निघून जाते. रात्री त्याच्या पोटाखाली बॅटरी घेऊन झोपलेला तंत्रज्ञ त्या लेखनात क्वचितच दिसतो. ही उणीव अधिक खटकते ती एका कारणाने. या विषयाच्या संस्था मराठी मुलखातच पसरलेल्या आहेत. ठाण्याहून काशेळी, अंजूरफाटा, नारपोली करत भिवंडीमार्गे नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता धरून गेल्यास देवळालीचे तोफखाना विद्यालय लागते, जिथे तोफांचा मारा हवेतून नियंत्रित करणाऱ्या ‘एअर ओपी’ वैमानिकांची परंपरा रुजली. जवळच गांधीनगरच्या धावपट्टीवर २००३ पासून भूदलाच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. आणखी पुढे ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा १९६४ मध्ये स्थापन झालेला कारखाना आणि त्याच परिसरात वायुदलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे. कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टर-तळ २००९ पासून ‘शिक्रा’ या नावाने ओळखला जातो, आणि वायुदलाच्या साऱ्या दुरुस्ती-डेपोंचा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात आहे. म्हणजे दुरुस्तीचे शासन नागपुरात आणि दुरुस्तीचे साहित्य मराठीबाहेर, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

हेलिकॉप्टरचा विचार विमानापेक्षा वेगळा का करावा लागतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. विमानाचे पंख स्थिर असतात आणि इंजिन बंद पडले तरी ते काही काळ तरंगू शकते. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याची फिरती पाती, आणि इंजिनाची शक्ती त्या पात्यांपर्यंत नेणारी साखळी अखंड असेपर्यंतच ते उंची राखू शकते. इंजिनाचे अतिवेगवान फिरणे मुख्य गिअरबॉक्समध्ये मंद होऊन वरच्या रोटरला मिळते, तिथूनच एक लांब दांडा शेपटीतून जाऊन मागचा छोटा रोटर फिरवतो, आणि तो छोटा रोटर नसेल तर मुख्य पात्यांच्या प्रतिक्रियेने सारे धूडच उलट दिशेने गरगरू लागते. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची हालचाल नळ्या, तरफा आणि द्रवदाबाचे सहायक यांच्यामार्फत ‘स्वॉशप्लेट’ नावाच्या चकतीपर्यंत पोहोचते, आणि ती चकती प्रत्येक पात्याचा कोन फेरीगणिक बदलते. या साखळीत काही दुवे असे असतात की त्यांना पर्यायच नसतो. म्हणून शंभर गोळ्या लागूनही हेलिकॉप्टर परत येते आणि एकाच गोळीने कोसळतेही. गोळ्यांची संख्या मोजून नुकसानीचा अंदाज करणे ही या विषयातली सर्वांत प्राथमिक चूक होय. प्रवासी-कक्षाच्या पत्र्याला पडलेली वीस भोके दिसायला भयंकर असली तरी ती उड्डाणाला बाधक नसतात, उलट शेपटीच्या दांड्यावर उठलेला नखाएवढा ओरखडा हजारो फेऱ्यांनंतर तडा होऊन उमलू शकतो.

पात्यांचे उदाहरण घेतल्यास हा विवेक कसा चालतो ते कळेल. भारतीय वायुदलाने दीर्घकाळ वापरलेल्या रशियन एमआय-८ आणि एमआय-१७ या हेलिकॉप्टरांना पाच मुख्य पाती असतात, आणि प्रत्येक पात्याचा कणा म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक पोकळ, लांबलचक तुळई असते, जिला ‘स्पार’ म्हणतात. या कण्याच्या मागच्या अंगाला मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीने भरलेले एकवीस हलके कप्पे चिकटवलेले असतात. ते पात्याला हवेत उचल देणारा आकार देतात, परंतु मुख्य भार वाहत नाहीत. गोळी एखाद्या कप्प्यातून आरपार गेली तर कडा साफ करून, आतली चुरगळलेली जाळी काढून, वर ठिगळ चिकटवून ते पाते पुन्हा वापरात आणता येते. गोळी कण्याला लागली तर मात्र बोलणेच संपते, कारण उड्डाणात त्या कण्यावर पडणारी केंद्रोत्सारी ओढ टनांत मोजावी लागते. रशियन अभियंत्यांनी याची खूण पात्यातच करून ठेवली आहे: पोकळ कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते, तडा किंवा छिद्र पडून दाब उतरला की पात्याच्या मुळाशी असलेल्या काचेरी टोपणात लाल पट्टा वर येतो, आणि उड्डाणाआधी फेरी मारणाऱ्या तंत्रज्ञाला तो खालूनही दिसतो.

ठिगळ लावल्यावरही काम संपत नाही. एका पात्याचे वजन थोडे जरी वाढले किंवा आकार किंचित बदलला तरी ते इतर पात्यांच्या पातळीत फिरत नाही आणि साऱ्या यंत्राला हादरे बसू लागतात, त्यामुळे पाती एका पातळीत आणण्याचे ‘ट्रॅकिंग’ करावे लागते. आता त्यासाठी विद्युत उपकरणे आहेत, परंतु जुनी रीत रणक्षेत्रात अजूनही उपयोगी पडू शकते: प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगवेगळ्या रंगाची कांडी फासायची, रोटर फिरत असताना खांबाला बांधलेले कापड हलकेच टोकांजवळ न्यायचे, आणि कापडावर उमटलेल्या रंगीत खुणा एकमेकींपासून किती वर-खाली आहेत ते पाहून पात्यांचे कोन जुळवायचे. कापड धरणाऱ्याचा हात स्थिर असावा लागतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

नव्या पिढीच्या हेलिकॉप्टरांची पाती धातूची नसून काचतंतू आणि कार्बनतंतू राळेत बसवून केलेली असतात. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने घडवलेल्या ध्रुवची चार पाती याच जातीची आहेत. गोळी लागल्यावर धातू फाटत जातो, तंतूंचे पदार्थ मात्र बहुधा स्थानिक जखम घेऊन बाकीचा भार शेजारच्या तंतूंवर सोपवतात, हा त्यांचा मोठा गुण. दोष असा की जखम आत राहते: वरून पृष्ठभाग धड दिसतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. रणक्षेत्रात क्ष-किरण यंत्र नसते, म्हणून तंत्रज्ञ नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पाते ठोकत जातो आणि खणखणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज येऊ लागला की तिथे खडूने वर्तुळ काढतो. शिवाय राळ पिकायला ऊब लागते, आणि राळेचे डबे वापरण्यापूर्वी थंड जागी साठवावे लागतात, त्यामुळे वाळवंटात साठवण अवघड आणि हिमनदीवर पिकवण अवघड. याच्या दुसऱ्या टोकाला जुने चिता हेलिकॉप्टर आहे, ज्याची शेपूट म्हणजे पत्र्याने न झाकलेली, वेल्डिंगने जोडलेल्या नळ्यांची उघडी जाळी असते. दिसायला ती अपुरी वाटते, पण बरीचशी गोळी-किरच तिच्यातून नुसती निघून जाते आणि लागलेली जखम झाकलेली राहू शकत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिल्यास जुनाट रचना कधी कधी अशी शहाणी ठरते.

नुकसान झालेल्या हेलिकॉप्टरपाशी सर्वप्रथम पोहोचतो तो दुरुस्ती करणारा नव्हे, मूल्यमापन करणारा असतो. हा अनुभवी अभियंता किंवा वरिष्ठ तंत्रज्ञ प्रत्येक गोळीचा प्रवेश आणि निर्गम शोधतो, दोहोंना जोडणाऱ्या रेषेत काय काय येते ते पाहतो, आणि मग यंत्राचे भवितव्य ठरवतो: तसेच उडवायचे, थोडके काम करून उडवायचे, सुटे भाग काढून दुसऱ्या यंत्राला लावायचे, दोरखंडाने टांगून न्यायचे, की शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जागेवरच नष्ट करायचे. भाग काढून घेण्याला हँगरमध्ये सर्रास ‘कॅनिबलाइज करणे’ म्हणतात, आणि एका मेलेल्या यंत्राने चार यंत्रे जिवंत ठेवल्याचा हिशेब प्रत्येक दूरस्थ तळावर असतो. थोडके काम म्हणजे काय, हेही ठरलेले आहे. तड्याच्या टोकाशी छोटे छिद्र पाडले की तडा तिथे थांबतो, कारण टोकाशी एकवटलेला ताण छिद्राच्या गोलाईवर पसरतो; फाटक्या पत्र्याच्या कडा गोलाईत कापून वर ठिगळ रिव्हेट करतात; तुटलेल्या तारांना पर्यायी जोड देतात; दोनांपैकी एक द्रवदाब-यंत्रणा गळत असेल तर ती बंद करून दुसरीवर काम भागवतात. गिअरबॉक्सला मात्र बाहेर हात लावत नाहीत. त्यातले तेल गळून गेले असेल तर चुंबकी बुचावर धातूचे कण साचले आहेत का ते पाहायचे, आणि साचले असतील तर संपूर्ण गिअरबॉक्स बदलायचा. अमेरिकेच्या ब्लॅक हॉक आणि अपाचे हेलिकॉप्टरांचे गिअरबॉक्स तेलाशिवाय अर्धा तास तग धरतील असे घडवले गेले, ते याच भयाने.

या सगळ्याची परिणती एका सहीत होते. भारतीय वायुदलात प्रत्येक यंत्राची ‘फॉर्म ७००’ ही नोंदवही असते, जिच्यात बिघाड, म्हणजे तिथल्या भाषेत ‘स्नॅग’, नोंदला जातो आणि तो दूर केल्याची किंवा पुढे ढकलल्याची जबाबदारी सही करून घेतली जाते. ती वही वाचून आणि स्वीकारूनच वैमानिक आत बसतो. रणक्षेत्रातून यंत्र बाहेर काढायचे असते तेव्हा ‘एकाच उड्डाणाची’ परवानगी देतात, म्हणजे कमीत कमी माणसे, माल नाही, वेगावर मर्यादा, शक्यतो दिवसाउजेडी, आणि तळावर पोहोचताच हे यंत्र पुन्हा जमिनीवर. शांततेच्या काळात जे यंत्र उडण्यास अयोग्य ठरले असते त्याला योग्य ठरवणारी ही सही नियमांना फाटा देऊन केलेली नसते. धोक्याच्या मोजमापाचे नियमच युद्धकाळासाठी वेगळे लिहिलेले असतात आणि सही त्या नियमांखाली होते.

हे विशेष करून सांगावे लागते, कारण आपल्याकडे अशा कामाचे कौतुक ‘जुगाड’ या एका शब्दात गुंडाळण्याची खोड आहे. नारपोलीच्या यंत्रमाग-शेडमध्ये बिघडलेला माग पाळी संपण्याआधी चालू करणारा जॉबर, मिळेल तो तुकडा कानशीने घासून बसवणारा आणि आवाजावरून दोष ओळखणारा, हा हेलिकॉप्टर-तंत्रज्ञाचा जवळचा नातलग वाटतो, आणि हाताच्या कसबापुरते ते नाते खरेही आहे. परंतु जॉबरचा अंदाज चुकला तर ताणा तुटतो आणि काही वार कापड वाया जाते, म्हणून त्याला करून पाहण्याची मुभा असते. रणक्षेत्रातल्या तंत्रज्ञाला ती नसते. तो जे ठिगळ लावतो त्याची जाडी, रिव्हेटमधले अंतर आणि कडेपासूनची दूरी कुणीतरी आधीच गणित करून तक्त्यात लिहून ठेवलेली असते. तक्त्यात नसलेली जखम समोर आली तर तो कल्पकता दाखवण्याऐवजी विचारणा करतो, आणि या संकोचाला भित्रेपणा समजणे अन्यायाचे ठरेल.

ही तक्तेबद्ध विद्या फार जुनी नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हेलिकॉप्टर इतक्या प्रमाणात वापरले की दुरुस्तीचा प्रश्न जहाजावर न्यावा लागला: अल्बेमार्ल या जुन्या नौकेचे रूपांतर करून ‘कॉर्पस ख्रिस्ती बे’ नावाचा तरंगता कारखाना १९६६ मध्ये त्या किनाऱ्यावर आणला गेला, ज्यात सुटे भाग नुसते साठवले जात नसत तर घडवलेही जात. जखमी हेलिकॉप्टर चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून आणण्याची प्रथाही तिथेच पक्की झाली. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलने मार खाल्लेली विमाने काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा लढाईत उतरवली, आणि छोट्या वायुदलाला हे जमले तर त्याचे बळ प्रत्यक्षात किती वाढते हे पाहून पाश्चात्त्य वायुदलांनी मूल्यमापकांचे स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले. फॉकलंड युद्धात २५ मे १९८२ रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या जहाजावर क्षेपणास्त्रे आदळून ते पेटले तेव्हा त्यावरची चिनूक हेलिकॉप्टरे, सुटे भाग, अवजारे आणि पुस्तिकाही गेल्या; नेमके त्या वेळी हवेत असलेले ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ हे एकच चिनूक उरले आणि ते पुढचे दिवस पुस्तिकेविनाच उडत राहिले. मार्च २००३ मध्ये इराकमधील करबलाजवळ अमेरिकेच्या अपाचे हेलिकॉप्टरांच्या एका रेजिमेंटचा हल्ला फसला, एक यंत्र गमावले गेले, आणि परतलेल्यांपैकी बहुतेक सारी भोके पडून परतली; यंत्रे परत आली म्हणजे ती रेजिमेंट लढायला सज्ज उरली असा अर्थ होत नाही, हे त्या रात्रीने दाखवले.

भारतीय अनुभवाचा आरंभ १९७१ पासून करणे सोयीचे आहे. त्या युद्धाआधी दिमापूर येथे बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीसाठी उभारलेल्या ‘किलो फ्लाइट’मधल्या एका अलुएट हेलिकॉप्टरला रॉकेटे आणि मशीनगन बसवण्यात आल्या, तळाला पोलादी पत्रा जोडण्यात आला, आणि ३ डिसेंबरच्या रात्री नारायणगंजजवळच्या तेलसाठ्यावर त्याने हल्ला केला; नागरी स्वरूपाच्या यंत्राला युद्धयोग्य करण्याचे हे काम दुरुस्तीचेच भावंड होय. पुढे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ७ डिसेंबरपासून सिल्हेटला आणि ९ डिसेंबरपासून मेघना नदीपार सैन्य उतरवले. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरला नदीवरचा उद्ध्वस्त पूल ओलांडण्याची वाट पाहावी लागली नाही ती या फेऱ्यांमुळे. स्वतः सगत सिंग ज्या हेलिकॉप्टरातून पाहणी करत होते त्यावर मशीनगनचा मारा झाला, वैमानिक जखमी झाला, सहवैमानिकाने यंत्र परत आणले, आणि त्यावर ६४ गोळ्यांच्या खुणा आढळल्याचे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. जनरल दुसऱ्या हेलिकॉप्टरात बसून पुन्हा निघाले. ६४ जखमांनंतरही परतलेले यंत्र हा वर मांडलेल्या मुद्द्याचा, म्हणजे जखमांची संख्या आणि जखमेची जागा यांतल्या फरकाचा, उत्तम दाखला आहे. मात्र भारतीय युद्धेतिहासात हे ६४ आकड्याच्या चमत्कारापुरतेच उरले; त्यांतली कोणती गोळी कुठून गेली आणि यंत्र पुन्हा केव्हा उडाले, हे सांगण्याची कुणाला गरज वाटली नाही.

सोळा वर्षांनी श्रीलंकेत याच प्रश्नाची दुसरी, कठोर बाजू दिसली. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री पलाली तळावरून एमआय-८ हेलिकॉप्टरांनी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवायला सुरुवात केली, लिट्टे बंडखोरांच्या जड मशीनगनींनी हेलिकॉप्टरांना असे घायाळ केले की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि मैदानावर एकट्या पडलेल्या शीख तुकडीतल्या ३० जणांपैकी २९ जण कामी आले. त्या रात्रीच्या फसगतीला गुप्तवार्तेपासून नियोजनापर्यंत अनेक कारणे होती आणि सारा भार यंत्रांवर टाकणे चुकीचे होईल. तरीही मूठभर हेलिकॉप्टरांवर उभारलेल्या मोहिमेत दोन यंत्रे काही तास जमिनीवर बसली तर काय होते, हे समजण्यासाठी दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

कारगिलमध्ये प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, उणिवेसह उडण्याचा होता. एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस वायुदलप्रमुख असताना २६ मे १९९९ रोजी ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली, आणि २८ मे रोजी तोलोलिंगवर रॉकेटमारा करणाऱ्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांपैकी एक स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले गेले, त्यातले चौघेही मृत्युमुखी पडले. क्षेपणास्त्राला चकवणारे फसवे ज्योतगोळे सोडण्याची सोय त्या यंत्रावर उपलब्ध नव्हती. कोणती उणीव पुढे ढकलता येते याचा तक्ता शत्रूपाशी कोणते शस्त्र आहे त्यानुसार बदलतो, ही गोष्ट त्यानंतर शिकवावी लागली नाही. एमआय-१७ या हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली.

आणि तरीही भारतीय रणक्षेत्र-दुरुस्तीची खरी शाळा गोळ्यांनी भरवली नाही, ती थंडी आणि उंची यांनी भरवली. एप्रिल १९८४ मध्ये ‘मेघदूत’ मोहिमेने सियाचीनचा ताबा घेतल्यापासून तिथल्या चौक्यांचा जीव चिता हेलिकॉप्टरांवर टांगलेला आहे. ज्या फ्रेंच लामा यंत्रावरून चिता घडवले गेले त्याने २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटरचा उंचीचा विक्रम केला होता, परंतु विक्रमाचे उड्डाण एकदाच करायचे असते आणि रॉकेल-रसद रोज न्यायची असते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांना पकड मिळत नाही. दुरुस्तीच्या पथकाला नेणारे हेलिकॉप्टर एका खेपेला एखादा माणूस आणि त्याची पेटी एवढेच उचलू शकते. तेल गोठून घट्ट होते, रबरी सील कडक होऊन गळू लागतात, बॅटरी मान टाकते. हातमोजे घालून बारीक नट फिरवता येत नाही आणि हातमोजे काढून धातूला स्पर्श करता येत नाही, म्हणून काम मिनिटामिनिटांच्या पाळ्यांनी होते, आणि हातून निसटलेला नट बर्फात गडप झाला की तो गेलाच. विरळ हवेत माणसाचा विचारही मंदावतो, हे दुरुस्तीच्या पुस्तिकेत लिहिलेले नसले तरी तपासणी दुसऱ्या माणसाने पुन्हा करण्याचा नियम तिथे अधिक काटेकोर पाळावा लागतो.

जानेवारी २०१८ मध्ये एका ध्रुव हेलिकॉप्टरला बिघाडामुळे खंडा चौकीजवळ, सुमारे १८,००० फूट उंचीवर, मऊ बर्फात उतरावे लागले. ते खचले, हिमवर्षावाने वेढले गेले आणि अनेक प्रयत्न करूनही हलेना; अखेर जुलैमध्ये भूदलाच्या २०३ एव्हिएशन स्क्वॉड्रनच्या माणसांनी निकामी भाग बदलून, शेजारी बर्फाचाच तात्पुरता हेलिपॅड तयार करून ते उडवत तळावर आणले. यात शत्रूची एकही गोळी नाही, आणि म्हणून काटेकोर व्याख्येने याला ‘युद्धातील नुकसान’ म्हणता येणार नाही. ही व्याख्याच भारताच्या संदर्भात तोकडी आहे. ज्या देशाच्या सैन्याला चार दशके अशा जागी उभे राहावे लागले जिथे शत्रूपेक्षा हवामानाने अधिक बळी घेतले, त्या देशाच्या दुरुस्ती-विचारात बर्फात रुतलेले यंत्र आणि गोळी लागलेले यंत्र एकाच प्रकरणात यायला हवेत; मूल्यमापन तेच, मर्यादित परवानगी तीच, आणि सहीही तीच. भूदलाच्या या कामाचा भार १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ईएमई, म्हणजे विद्युत व यांत्रिक अभियंत्यांच्या कोअरवर आहे, आणि १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्र झाल्यावरही उडवणारे आणि दुरुस्त करणारे यांचे गणवेशावरचे चिन्ह वेगळेच राहिले.

महाराष्ट्राच्या सर्वांत जवळ हा विषय येतो तो गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या जंगलात. १४ नोव्हेंबर २००८ रोजी विजापूर जिल्ह्यात निवडणूक कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेल्या वायुदलाच्या हेलिकॉप्टरवर माओवाद्यांनी गोळीबार केला आणि त्यातला उड्डाण-अभियंता मारला गेला. यंत्राचा फिरता दुरुस्तीवाला तोच असतो. १८ जानेवारी २०१३ रोजी सुकमा भागात जखमी पोलिसांना आणायला गेलेल्या एमआय-१७ ला गोळ्या लागून ते जंगलात उतरवावे लागले. वैमानिक दल केंद्रीय राखीव पोलिसांच्या तळापर्यंत चालत गेले आणि आतला एक जखमी पोलीस मागे राहिला, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती विसरण्याजोगी नाही; दुरुस्तीच्या इतिहासापुरते बोलायचे तर सुरक्षा दलांनी परिसर ताब्यात घेतल्यावर तंत्रज्ञांनी ते यंत्र जागेवरच ठीक केले आणि ते जगदलपूरला उडत परत गेले. सीमेपलीकडच्या शत्रूविरुद्ध लिहिलेले तक्ते असे देशातल्याच जंगलात, निमलष्करी पहाऱ्यात वापरले गेले.

दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा यंत्र टांगून न्यावे लागते, आणि हा मार्ग वाटतो तितका निर्धोक नाही. टांगलेले हेलिकॉप्टर हे वाऱ्यात आपणहून वळू पाहणारे ओझे असते. त्याची पाती काढावी किंवा बांधावी लागतात, गुरुत्वमध्य नेमका साधावा लागतो, आणि झोके वाढले तर वाहून नेणाऱ्या वैमानिकापुढे दोर सोडण्यावाचून उपाय राहत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथ परिसरात एमआय-१७ खाली टांगलेले एक नादुरुस्त नागरी हेलिकॉप्टर असेच सोडून द्यावे लागले. म्हणूनच दोन रिव्हेटांच्या ठिगळावर एक उड्डाण करून यंत्र स्वतःच्या बळावर घरी येणे हा कित्येकदा धाडसाचा नव्हे तर सावधपणाचा पर्याय असतो. घरी आल्यावर चंदीगडच्या ३ क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोसारख्या ठिकाणी, जिथे एमआय जातीची हेलिकॉप्टरे पूर्ण उघडून नव्याने बांधली जातात, ते ठिगळ पहिल्या प्रथम उपटून टाकले जाते.

पुढच्या काळात हा विषय कारागिरीकडून कागदपत्रांकडे सरकण्याची चिन्हे आहेत. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे वायुदलात दाखल झालेले प्रचंड हे लढाऊ हेलिकॉप्टर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने स्वतः आखले आहे, म्हणजे त्याच्या कोणत्या भागावर किती भार येतो आणि किती जखम चालेल याचे गणित बंगळुरूत आहे आणि तक्ता बदलायचा झाला तर इथल्याच अभियंत्याला विचारायचे आहे. जुलै २०२५ मध्ये भूदलाला मिळू लागलेल्या अपाचेची गोष्ट निराळी, कारण त्याचे गणित निर्मात्यापाशी आहे. नेहमीच्या दुरुस्तीची पुस्तिका यंत्राबरोबर येते, तर युद्धातील नुकसानीचे तक्ते हा वेगळा, अनेकदा गोपनीय दस्तऐवज असतो आणि तो खरेदीच्या करारात परिशिष्ट म्हणून मागून घ्यावा लागतो. खरेदीच्या बातम्यांत यंत्रांची संख्या, क्षेपणास्त्रे आणि किंमत यांची चर्चा होते, या परिशिष्टाची होत नाही. पण राजस्थानच्या वाळूत भोके पडून बसलेल्या हेलिकॉप्टरपाशी पोहोचलेला ईएमईचा तंत्रज्ञ त्याच संध्याकाळी ड्रिल हाती घेईल, की समुद्रापार पाठवलेल्या छायाचित्रांवर उत्तर येण्याची वाट पाहील, हे त्या परिशिष्टावरच ठरणार आहे.